खोकल्याची तारीख

परवा रात्री साडेदहाला पुण्याहून मामेबहिणीचा फोन आला. आमच्या नातेवाइकांना रात्री साडेदहाला माझी आठवण झाली की समजायचं, घरात कुणीतरी खोकतंय.

"दादा, झोपला नव्हतास ना? पिल्लूला पाच दिवस झाले खोकला. सिरप झालं, काढा झाला, वाफ झाली. तू फक्त अँटिबायोटिकचं नाव सांग, खालच्या मेडिकलमधून घेऊन येते."

पिल्लू म्हणजे तिचा मुलगा. वय वर्षं चार.

"ताप आहे?"

"पहिले दोन दिवस होता. आता नाही."

"जेवतोय? खेळतोय?"

"खेळतोय काय, मघापर्यंत सोफ्यावरून उड्या मारत होता. आत्ता झोपलाय. पण झोपेत खोकतो रे, बघवत नाही."

म्हटलं, त्याचा शर्ट वर कर, समोर घड्याळ ठेव आणि श्वास मोज. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. फोन तसाच ठेवून ती गेली. परत आली. "अठ्ठावीस."

श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडतो का? नाही. छातीतून शिट्टीसारखा आवाज? नाही. मग म्हटलं, झोपताना चमचाभर मध दे, पाणी पाजत राहा, सिरप बंद कर. श्वास चाळीसच्या वर गेला, खळगा पडायला लागला, खाणंपिणं सुटलं किंवा ताप परत आला तर त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना दाखव. नाहीतर मला सोमवारी कळव.

"म्हणजे औषध नाहीच?"

"नाही."

"मग तू डॉक्टर कशाला झालास रे?" आणि फोन बंद.

प्रश्न तसा रास्त आहे. तिला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. उत्तर जरा लांबचं आहे, कारण ते अण्णांपासून सुरू होतं आणि नानांपाशी येतं. घरच्या मंडळींना नाना माहीत आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो, नाना म्हणजे आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६८ साली कऱ्हाडजवळ आमच्या गावात दवाखाना काढला. एक टेबल, एक पडदा, पडद्यामागे फळीवर मोठ्या बरण्या. पेशंटनं घरून रिकामी बाटली धुऊन आणायची. नाना बरणीतलं तांबडं मिक्श्चर बाटलीत ओतायचे, कागदाची एक पट्टी घ्यायचे, दुमडून कात्रीनं तिला खाचा पाडायचे आणि खळीनं बाटलीवर उभी चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही चालेल असा हिशेब. नऊ खाचा, तीन दिवस. लहानपणी सुट्टीत त्या पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा मी चुकून अकरा खाचा पाडल्या तर नानांनी पट्टी टरकावून टाकली होती.

डॉक्टर होऊन मी १९९४ साली त्याच टेबलामागे बसलो, तेव्हा पहिल्यांदा ते मिक्श्चर बंद केलं. शिकून आलो होतो ना! त्यात काय होतं ते मी वाचलं होतं, आणि त्यानं खोकला बरा होतो याला फारसा पुरावा नाही हेही वाचलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बाटली बंद करतोस तर कर. पण बाटली संपली की माणूस चौथ्या दिवशी परत येतो, तेवढं लक्षात ठेव."

मला तेव्हा वाटलं, अण्णा धंद्याचं बोलतायत. परत आला की परत फी. ते धंद्याचं बोलत नव्हते, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दहातले सहाजण खोकत येतात. पुन्हा डिसेंबर-जानेवारीत, थंडी आणि उसाचं पाचट पेटवल्याचा धूर एकत्र होतो तेव्हा. बाहेरून बघणाऱ्याला सगळे खोकले सारखेच. टेबलाच्या या बाजूला बसलं की प्रत्येकाची जात वेगळी. हायस्कूलचे एक मास्तर सहा महिने कोरडा खोकला घेऊन फिरत होते, चार सिरपं झाली होती. खोकला होता बीपीच्या गोळीचा. त्या वर्गातल्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला लागतो. गोळी बदलली, महिन्याभरात खोकला गेला. एक मुलगी दर पावसाळ्यात "छाती भरते" म्हणून यायची, दर वेळी अँटिबायोटिक घेऊन जायची. छातीला नळी लावली तर आत शिट्ट्या. दमा! पण तिच्या आईला दमा हा शब्दच चालत नव्हता. "पंपाची सवय लागते, पुढं लग्नाचं अवघड होतं." तिला पंप घ्यायला लावण्यात माझे दोन पावसाळे गेले.

आणि मग खरा न्यूमोनिया. मेडिकल कॉलेजात शिकवतात, कानाजवळ केसांची बट धरून बोटात चोळा, तसला बारीक चरचर आवाज छातीच्या एकाच जागी ऐकू आला की सावध व्हा. ताप चढता, श्वास जोरात, माणूस मलूल. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला तीसच्या वर, बीपी उतरलेलं, बोलण्यात गोंधळ, वय पासष्टच्या पुढे. यातलं जितकं जास्त, तितकं त्याला माझ्या दवाखान्यात न ठेवता ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. लहान मुलांचे आकडे वेगळे. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस. श्वास तितका किंवा त्याहून जास्त असेल तर थांबायचं नाही. पिल्लूचे अठ्ठावीस मी म्हणूनच विचारले होते. अशा न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागतं आणि वेळेवर लागतं, त्यात दुमत नाही.

पण हे शंभरातले थोडे. बाकीच्यांचा खोकला सर्दीच्याच विषाणूंचा असतो. अँटिबायोटिकला त्याचं काही देणंघेणं नाही. तो जातो आपला आपण. फक्त सावकाश जातो. अमेरिकेत २०१३ साली काही डॉक्टरांनी दोन गोष्टी शेजारी मांडल्या. लोकांना विचारलं, असा खोकला किती दिवस टिकेल असं वाटतं? उत्तर आलं, सरासरी सात ते नऊ दिवस. आणि आधीच्या अभ्यासांमधून प्रत्यक्षात किती टिकतो ते काढलं. जवळजवळ अठरा दिवस! माझा सगळा दवाखाना या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत चालतो. पाचव्या दिवशी माणूस माझ्याकडे येतो. मी गोळ्या देतो. बाराव्या दिवशी कमी झालं नाही म्हणून तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तो "स्ट्राँग" गोळ्या देतो. अठराव्या दिवशी खोकला जातो, जाणारच होता. यश दुसऱ्याच्या नावावर. मग पुढच्या वेळी तो पहिल्याच दिवशी स्ट्राँग मागतो.

त्याच वर्षी युरोपातल्या बारा देशांत झालेला एक अभ्यास छापून आला. खोकला आहे, पण न्यूमोनियाचा संशय नाही, अशी दोन हजारांवर मोठी माणसं. निम्म्यांना अमॉक्सिसिलिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. त्रासाच्या दिवसांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अंदाजे तीस जणांना औषध द्यावं तेव्हा एकाचं दुखणं वाढायचं टळलं, आणि एकवीस जणांना द्यावं तेव्हा एकाला जुलाब, मळमळ नाहीतर पुरळ. युरोपातले पेशंट वेगळे, आमचे वेगळे, हे मान्य. पण गंमत अशी की हे सगळं वाचूनही मी गोळ्या देतच होतो. समोर बाकावर वीस माणसं. "गोळी नको" हे समजवायला दहा मिनिटं लागतात, गोळी लिहायला दहा सेकंद. लपवण्यात अर्थ नाही.

आता नाना.

नाना १९७१ साली अण्णांकडे आले, अठरा वर्षांचे होते. चारचौघांत मला "डॉक्टरसाहेब" आणि पेशंट संपले की "बाळ". मी दवाखाना हातात घेतल्यावर बरण्या गेल्या, खाचांच्या पट्ट्या गेल्या, नाना राहिले. पडद्याच्या जागी लाकडी पार्टिशन आलं. त्याच्या मागे ते गोळ्या मोजायचे, पुड्या बांधायचे, कुणी गोळ्या अर्धवट सोडल्या की त्याला झापायचे.

२०१९ च्या जूनमध्ये, पाऊस सुरू झाला तेव्हा, नाना खोकायला लागले. विडी त्यांनी दहा वर्षांपूर्वी सोडली होती, पण "विडीचा जुना खोकला" असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं. मी जाता जाता म्हणालो, "नाना, सिरप घ्या की." ते म्हणाले, "घेतलंय." जुलैच्या सुरुवातीला खोकला वाढला, अंगात कणकण. मी फळीवरची लिव्होफ्लॉक्सासिनची स्ट्रिप त्यांच्या हातात दिली. पाच दिवस. उभ्या उभ्या. छातीला नळी लावली नाही, वजन केलं नाही. घरच्या माणसाला कशाला तपासायचं?

आणि नानांना बरं वाटलं की! आठ-दहा दिवस खोकला उतरला. मी मनात म्हटलं, झालं.

महिन्याच्या शेवटी खोकला परत आला. मी पार्टिशनच्या अलीकडे लोकांच्या छात्या ऐकत होतो आणि पलीकडे नाना खोकत होते. मला ऐकू येत होतं का? येत असणार. पंख्याचा आवाज येतो तसं.

ऑगस्टच्या मध्यावर एक म्हातारी सुनेला घेऊन आली. मी सुनेला तपासत होतो, पलीकडून नानांची उबळ काही थांबेना. म्हातारी म्हणाली, "डॉक्टर, आधी तुमच्या कंपाउंडरला औषध द्या की! त्यो मागल्या टायमाला बी असाच खोकत हुता." बाक हसला. मीही हसलो. मग मी विचारलं, "मागच्या टायमाला म्हणजे कधी, आजी?"

"पेरणीच्या वक्ताला."

पेरणी जूनमधली. मी हातातलं पेन खाली ठेवलं.

पेशंट संपल्यावर नानांना आत बोलावलं. सदरा काढायला लावला. पट्ट्याला एक नवं भोक पाडलेलं होतं, खिळ्यानं. वजन चोपन्न. शुगरच्या वहीत जानेवारीतलं वजन होतं बासष्ट. नानांना शुगर आहे हे मला माहीत होतं. शुगर असलेल्या माणसाला टीबीचा धोका दोन-तीन पट असतो हेही माहीत होतं. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासायची, हे तर मी त्याच वर्षी २४ मार्चला गावच्या शाळेत भाषणात सांगितलं होतं. जागतिक क्षयरोग दिन. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली याच तारखेला क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, वगैरे वगैरे. माझ्या त्या भाषणाला माईक नानांनी लावून दिला होता.

एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. सरकारी दवाखान्यात थुंकीची सीबीनॅट तपासणी केली. टीबीचा जंतू सापडला. नशीब एवढंच की रिफाम्पिसिनला दाद देणारा होता. आणि मी दिलेली लिव्होफ्लॉक्सासिन? त्या जातीच्या गोळ्या टीबीच्या जंतूलाही थोडं झोपवतात. माणसाला तात्पुरतं बरं वाटतं, रोग तसाच राहतो, निदान पुढे ढकललं जातं. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे.

नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोरीला?" त्यांची नात चार वर्षांची, रोज आजोबांच्या कुशीत झोपायची. तिला तपासलं. रोग नव्हता, पण लहान मुलाला धोका जास्त, म्हणून सहा महिने आयसोनियाझिडची गोळी. सुनेनं मला काहीच बोल लावला नाही. तिनं काही बोललं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा प्रश्न नानांनी थोडं थांबून विचारला. "बाळ, माझा केसपेपरच नव्हता ना?"

नव्हता. बेचाळीस वर्षं हजारो केसपेपर त्यांनी नंबरानं लावून ठेवले, मागितला की अर्ध्या मिनिटात काढून दिला. नाही, चुकलो. एकाहत्तर ते एकोणीस म्हणजे अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस वर्षं. आणि त्यांचा स्वतःचा नव्हता. कागद नाही म्हणून तारीख नाही. तारीख नाही म्हणून दोन आठवडे कधी झाले ते कुणी मोजलं नाही.

तेव्हा मला अण्णांची बाटली आठवली. मिक्श्चरनं खोकला जात नसेल. पण नऊ खाचा संपल्या की माणूस चौथ्या दिवशी समोर उभा राहायचा आणि अण्णा त्याला पुन्हा एकदा बघायचे. चेहरा उतरलाय का, धाप वाढलीय का, सदरा सैल झालाय का. पहिल्या दिवशी खोकला सगळ्यांचा सारखाच दिसतो. कोणता साधा आणि कोणता वाईट, हे बऱ्याचदा परत बघितल्यावर कळतं. मी अण्णांचं औषध काढून टाकलं ते बरोबर केलं. त्याबरोबर चौथा दिवसही काढून टाकला, हे चुकलं.

टीबीची औषधं सरकारकडून मोफत मिळतात. पोषणासाठी तेव्हा महिन्याला पाचशे रुपये खात्यात यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झालेत. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. नाना सकाळी देवासमोर उभं राहून गोळ्या घ्यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना झापलं, आता चुकवणार कसं? फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्स संपला, थुंकी स्वच्छ आली. पुढच्याच महिन्यात कोरोनाचं लॉकडाऊन लागलं आणि सगळ्या जगाला खोकल्याची भीती वाटायला लागली. नानांना मी दोन वर्षं दवाखान्याची पायरी चढू दिली नाही.

त्या अडीच महिन्यांत पार्टिशनपलीकडे नानांच्या हातून कुणी कुणी पुड्या घेतल्या, याची यादी करायला मी एका रात्री बसलो होतो. दोन पानं भरल्यावर थांबलो. नेहमीच्या लोकांना स्वतः सांगितलं, खोकला, ताप, वजन उतरणं, काहीही असलं तर या. आम्ही सगळे तपासून घेतलं. पुढे त्यातलं कुणी टीबी घेऊन माझ्याकडे आलं नाही. पण दुसरीकडे कुणी गेलं असेल तर मला कळायचा मार्ग नाही.

आता माझ्याकडे खोकल्याचा पेशंट आला की केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात, त्याच्या नावाच्याही आधी, एक तारीख लिहितो. आजची नव्हे, खोकला सुरू झाला ती. ती सहजी मिळत नाही. "लई दिस झालं" असं उत्तर येतं. मग विचारायचं, पेरणीच्या आधी की नंतर? गणपतीत होता का? त्या म्हातारीनं शिकवलेली पद्धत. बहुतेकांना अँटिबायोटिक देत नाही. त्याऐवजी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहितो, अमुक तारखेला या, आणि अमुक झालं तर त्याआधीच या. परत आल्यावर त्याची फी घेत नाही. काही जण वैतागून दुसरीकडे जातात. जाऊ देत. बरेचसे येतात.

नाना बहात्तर पार करून गेले. जिना चढताना त्यांना धाप लागते. फुफ्फुसाचा तो कोपरा गेला तो गेलाच. आठवड्यातून दोन सकाळी येऊन बाकावरच्या लोकांत बसतात आणि कुणी खोकलं की आत येण्याआधीच त्याला विचारून ठेवतात, "कधीपासून?" त्यांचा केसपेपर आता आहे. त्यावर सुरुवातीची तारीख अंदाजानं लिहिलीय, कारण नक्की आम्हा दोघांनाही आठवत नाही.

तर ताई, डॉक्टर कशाला झालो याचं उत्तर हे असं आहे. तुला औषधाचं नाव सांगणं सोपं होतं. नानांनाही मी तेच केलं होतं. घरच्या बाकी मंडळींनाही सांगणं एवढंच, रात्री साडेदहाला जरूर फोन करा. औषधाचं नाव विचारू नका, खोकला सुरू झाल्याची तारीख सांगा. चार वर्षांच्या आतल्या पोरांना सर्दी-खोकल्याची सिरपं आपल्या मनानं पाजू नका. आणि नव्या बाळाच्या जिभेवर मध ठेवणाऱ्या आजी मंडळींनी मला माफ करावं, पण वर्षाच्या आत मध नको. त्या वयात त्यातल्या जंतूपासून क्वचित का होईना, जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

ताई अजून थोडी फुगलेली आहे. पण आज सकाळी तिचा मेसेज आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसता आकडा.

"२६."

मी डायरीत पिल्लूच्या नावापुढे लिहून ठेवला. सातवा दिवस.